रन-फ्लॅट टायर घ्यावेत की साधे? खानदेशातील कारधारकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धुळ्यातील आमच्या टायरच्या दुकानात आणि फोनवर शिरपूर, शहादा, चाळीसगाव, भुसावळ, रावेर या भागांतील ग्राहक गेली काही वर्षे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत आले आहेत, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रन-फ्लॅट टायर म्हणजे नेमके काय? ट्यूबलेस आणि रन-फ्लॅट एकच का?

एकच नाहीत. आजच्या जवळजवळ सर्व कारचे टायर ट्यूबलेस असतात आणि रन-फ्लॅट टायरसुद्धा ट्यूबलेसच असतो. फरक टायरच्या बाजूच्या भिंतीत, म्हणजे साइडवॉलमध्ये असतो. साध्या टायरमध्ये गाडीचे वजन आतील हवा पेलते. हवा गेली की साइडवॉल दुमडते आणि रिम तिला रस्त्यावर चिरडू लागते, त्यामुळे काहीशे मीटर गाडी चालवली तरी टायर निकामी होऊ शकतो. रन-फ्लॅटमध्ये साइडवॉलच्या आत उष्णता सहन करणाऱ्या कठीण रबराचा जाड थर असतो आणि हवा पूर्ण गेल्यावरही तो थर काही अंतरापर्यंत गाडीचे वजन पेलतो. हे तंत्र नवे नाही. ब्रिजस्टोनने १९८७ मध्ये पोर्शे ९५९ या गाडीसाठी असे टायर दिले होते.

रन-फ्लॅट टायर पंक्चर होत नाही, असा समज अनेकांच्या मनात असतो. काटा आणि खिळा त्यालाही तितकाच लागतो. पंक्चर झाल्यावर जागच्या जागी थांबावे लागत नाही, एवढाच त्याचा गुण आहे.

२. माझ्या गाडीला रन-फ्लॅट आहेत की साधे, हे कसे ओळखायचे?

साइडवॉलवरील इंग्रजी अक्षरे वाचावीत. ब्रिजस्टोनच्या टायरवर आरएफटी, कॉन्टिनेंटलवर एसएसआर, मिशेलिनवर झेडपी, गुडइयरवर आरओएफ आणि डनलॉपवर डीएसएसटी असे लिहिलेले असते. मर्सिडीजसाठी बनवलेल्या रन-फ्लॅटवर एमओई ही खूण आढळते. बीएमडब्ल्यूच्या टायरवरील तारा मात्र फसवू शकतो, कारण तो टायर त्या कंपनीच्या गाड्यांसाठी मान्य असल्याची खूण आहे, रन-फ्लॅट असल्याची नव्हे. डिकीत स्टेपनी नाही म्हणून टायर रन-फ्लॅटच असणार, हा अंदाजही चुकीचा ठरू शकतो (प्रश्न १२ पाहा).

३. ‘हवा नसताना ८० किलोमीटर’ असे सांगतात. आपल्याकडच्या मे महिन्यातही ८० किलोमीटर जाता येते का?

बहुतेक कंपन्या ताशी ८० किलोमीटरच्या मर्यादेत ८० किलोमीटर असा आकडा देतात. तो कमाल आकडा आहे आणि गाडीत किती माणसे व सामान आहे, वेग किती आहे, हवा किती तापलेली आहे यावर तो कमी होतो. हवा नसलेली साइडवॉल चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात वाकते आणि सरळ होते. त्या वाकण्यातून उष्णता तयार होते आणि शेवटी ती उष्णताच रबर मारते. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असताना आणि डांबर त्याहून कितीतरी अधिक तापलेले असताना टायरची उष्णता बाहेर पडायला वाव उरत नाही. म्हणून एप्रिल ते जून या काळात पूर्ण भरलेल्या गाडीसाठी ४० ते ५० किलोमीटर अंतर आणि ताशी ५० किलोमीटरचा वेग धरून चालावे, असे मी ग्राहकांना सांगतो. हा कंपनीचा आकडा नव्हे, माझा सल्ला आहे.

धुळे ते जळगाव हे अंतर सुमारे ९० किलोमीटर आहे. धुळ्यातून निघताच डॅशबोर्डवरचा हवेच्या दाबाचा दिवा लागला, तर पुढे जळगावला पोहोचू असे गणित न करता मागे वळणेच योग्य.

४. रन-फ्लॅटचे पंक्चर गावातला पंक्चरवाला काढू शकतो का?

खानदेशात टायर निवडताना सर्वांत आधी हाच प्रश्न विचारायला हवा आणि शोरूममध्ये गाडी घेताना नेमका हाच विचारायचा राहून जातो.

साधा ट्यूबलेस टायर रिमवरून उतरवण्याचीही बहुधा गरज पडत नाही. बाहेरून छिद्रात रबराची काडी टाकली, हवा भरली की काम होते आणि ते नेर, साक्री, अमळनेर, यावल कुठेही होते. रन-फ्लॅटचे तसे नाही. हवा कमी असताना तो चालला असेल, तर उतरवून आतून तपासल्याशिवाय त्याच्याविषयी काहीच सांगता येत नाही आणि त्याची साइडवॉल इतकी ताठ असते की हातातल्या लोखंडी पट्ट्यांनी ती रिमवरून निघत नाही. जबरदस्ती केली तर टायरची कड फाटते, अलॉय रिमला चरे पडतात आणि व्हॉल्व्हच्या मागे बसवलेला हवेच्या दाबाचा सेन्सर तुटतो. त्यासाठी मदतनीस हात असलेले टायर उतरवण्याचे यंत्र आणि ते चालवणारा जाणता कारागीर लागतो. अशी यंत्रे धुळे, जळगाव यांसारख्या शहरांतील मोठ्या दुकानांत आहेत. महामार्गावरील टपरीवर ती नसतात.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एक कुटुंब सुरतेहून येत होते. कोंडाईबारीचा घाट चढून आल्यावर दहिवेलच्या अलीकडे रात्री साडेनऊला दाबाचा दिवा लागला. पाऊस होता, मुले झोपलेली होती आणि रन-फ्लॅट असल्यामुळे गाडी थांबली नाही, ही त्या टायरची खरी कामगिरी. मात्र ‘८० चालते’ या विश्वासावर त्यांनी वेग कमी केला नाही आणि सुमारे ७० किलोमीटर थेट धुळ्यापर्यंत आले. सकाळी आम्ही टायर उतरवला तेव्हा बाहेरून तो धडधाकट दिसत होता. आत मात्र मूठभर काळा भुगा निघाला, वाटलेल्या मिरीसारखा. तो भुगा म्हणजे साइडवॉलचा आतला थर झिजून पडलेला होता. जखम एका बारीक खिळ्याची होती, पण टायर फेकावाच लागला.

तेव्हा दिवा लागल्यावर ‘किती किलोमीटर जाता येईल’ याआधी ‘यंत्र असलेले दुकान किती किलोमीटरवर आहे’ हे पाहावे. तुमच्या रोजच्या वाटेवर असे दुकान ५० किलोमीटरच्या आत कुठेच नसेल, तर रन-फ्लॅटचा बराचसा उपयोग तिथेच संपतो.

५. बाभळीचा काटा रुतला आणि लगेच लक्षात आले, तर रन-फ्लॅटचे पंक्चर काढून तोच टायर वापरावा का?

काही कंपन्या रन-फ्लॅटची दुरुस्ती मुळीच मान्य करत नाहीत, तर काही अटींसह करतात. अटी साधारणपणे अशा असतात: छिद्र नक्षीच्या मधल्या भागात असावे, ६ मिलिमीटरपेक्षा मोठे नसावे, साइडवॉलला धक्का लागलेला नसावा आणि टायर हवा नसताना चाललेला नसावा. दुरुस्ती आतून मशरूम पॅच, म्हणजे छत्रीच्या आकाराचे रबरी ठिगळ, लावूनच करावी. बाहेरून टाकलेली काडी ही तात्पुरती सोय समजावी.

कपाशीच्या हंगामात शेतरस्त्यांवरून आलेल्या गाड्यांत आम्हाला सर्वाधिक बाभळीचेच काटे सापडतात. असा काटा आत असेपर्यंत भोक बुजवून ठेवतो आणि हवा अगदी हळू जाते. म्हणून तो वाटेत उपटू नये. दाब बघत दुकानापर्यंत यावे आणि तिथे काढावा. हे साध्या टायरलाही लागू आहे.

६. रन-फ्लॅट असलेली गाडी खड्ड्यांत फार आदळते, हे खरे आहे का?

खरे आहे. साइडवॉल ताठ असल्यामुळे लहान धक्के टायर स्वतः पचवत नाही, ते रिमकडे आणि पुढे सस्पेन्शनकडे जातात. टायर वजनालाही जड असतो. गाडी मुळातच रन-फ्लॅटसाठी बनलेली असेल तर कंपनीने सस्पेन्शन त्या हिशेबाने बसवलेले असते, त्यामुळे नव्या गाड्यांत फरक पूर्वीइतका जाणवत नाही. तरीही पावसाळ्यानंतर काळ्या मातीवरचे आपले तालुका रस्ते जिथे खचतात आणि उंचसखल होतात, तिथे रिम वाकण्याच्या तक्रारी रन-फ्लॅटवाल्या गाड्यांच्या अधिक येतात. यात टायरची कमी उंची हेही कारण असते. ४० किंवा ४५ मालिकेचा, म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ४०-४५ टक्केच असलेला टायर साधा असला तरी खड्डा त्याला सोडत नाही.

७. खर्चात किती फरक पडतो?

त्याच मापाच्या आणि त्याच कंपनीच्या साध्या टायरपेक्षा रन-फ्लॅट स्पष्टपणे महाग असतो. नेमका फरक मापागणिक बदलतो, म्हणून दोन्हींचे लेखी भाव मागवावेत. खरा खर्च दुसरीकडे असतो. साधा टायर ज्या पंक्चरनंतर वर्षानुवर्षे चालला असता, त्याच पंक्चरनंतर रन-फ्लॅट बदलावा लागू शकतो (प्रश्न ५). शिवाय ही मापे जिल्ह्याच्या ठिकाणी दुकानात क्वचितच ठेवलेली असतात. मुंबई-पुण्याहून टायर येईपर्यंत गाडी उभी राहते.

मागवलेला टायर हाती आला की साइडवॉलवरील डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार अंक पाहावेत. २३२४ असे असेल तर तो २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. कमी खपाची मापे गोदामात पडून राहतात, म्हणून ही तपासणी येथे दुप्पट महत्त्वाची.

८. माझ्या गाडीला साधे टायर आहेत. सुरक्षेसाठी रन-फ्लॅट बसवून घेऊ का?

बसवू नयेत. रन-फ्लॅटची हवा गेली तरी तो बाहेरून बसलेला दिसत नाही, त्यामुळे दाब दाखवणारी यंत्रणा, म्हणजे टीपीएमएस, गाडीत असलीच पाहिजे. शिवाय हवा नसताना टायर रिमवरून निसटू नये म्हणून अशा गाड्यांच्या रिमला आतून वेगळा उंचवटा असतो, तो तुमच्या रिमला असेलच असे नाही, आणि सस्पेन्शनही त्या ताठरपणासाठी बनलेले नसते. तोच पैसा चार चांगले साधे टायर, भरलेली स्टेपनी आणि बारा व्होल्टवर चालणारा हवा भरण्याचा पंप यांवर घालावा.

९. उलट केले तर? रन-फ्लॅट काढून साधे टायर बसवता येतात का?

येतात. आमच्याकडे येणाऱ्या अशा गाड्यांपैकी बऱ्याच जणांनी शेवटी हाच मार्ग धरला आहे. मात्र चार गोष्टी पाळाव्या लागतात. माप तेच ठेवावे. भारांक (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) आणि वेगाचे अक्षर मूळ टायरइतके किंवा त्याहून वरचे असावे. उदाहरणार्थ ९४ डब्ल्यू म्हणजे प्रत्येक टायरवर ६७० किलो आणि ताशी २७० किलोमीटर, त्याजागी ९१ व्ही बसवू नये. चारही टायर एकदम बदलावेत. आणि स्टेपनीची सोय आधी करावी, टायर नंतर बदलावेत.

शेवटची गोष्ट लोक विसरतात. रन-फ्लॅटच्या गाडीला डिकीत बहुधा स्टेपनीचा खड्डाच नसतो. त्याच माप-बोल्टाची बारीक स्टेपनी, जॅक आणि पाना पट्ट्याने घट्ट बांधून डिकीत ठेवावे लागतात, म्हणजे सामानाची जागा जाते. बारीक स्टेपनीवर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते, ती पाळावी. गाडीची वॉरंटी चालू असेल तर बदल करण्यापूर्वी कंपनीच्या सेवा केंद्राकडून लेखी उत्तर घ्यावे.

बदलानंतर गाडी मऊ चालते आणि वळणावर थोडी सैल वाटते. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर, विशेषतः घाटात, हे ध्यानात ठेवून चालवावे.

१०. दोनच टायर घासले आहेत. पुढे साधे आणि मागे रन-फ्लॅट असे चालेल का?

चालवू नये. दोन्हींची साइडवॉल वेगळ्या पद्धतीने वाकते, त्यामुळे अचानक ब्रेक मारताना किंवा ओल्या रस्त्यावर वळताना गाडीचे पुढचे व मागचे अंग सारखे वागत नाही. एकाच धुरीवर एक साधा आणि एक रन-फ्लॅट ही तर त्याहून वाईट जोडी आहे. अपवाद एकच: रस्त्यात दुसरा इलाज नसताना बारीक स्टेपनी लावून जवळच्या दुकानापर्यंत यावे.

११. साधे टायर बसवले तर आरटीओ किंवा विमा कंपनी अडवेल का?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा रोख गाडीच्या मूळ नोंदीतील तपशील बदलणाऱ्या फेरफारांवर आहे. त्याच मापाचा, त्याच किंवा वरच्या क्षमतेचा साधा टायर हा तशा प्रकारचा फेरफार नव्हे. माप वाढवणे ही वेगळी बाब आहे आणि ते टाळावे. विमा कंपनीला मात्र ई-मेलने कळवून उत्तर जपून ठेवावे, कारण अपघातानंतर तोंडी बोलण्याला किंमत राहत नाही. घासलेला टायर तर दोन्हीकडे अडचणीचा ठरतो: कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असली पाहिजे आणि तेवढ्याच उंचीच्या खुणा नक्षीच्या चरांत असतात.

१२. माझ्या नव्या गाडीला स्टेपनीही नाही आणि टायरही साधेच आहेत. हे नियमात बसते का?

बसते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या कारला स्टेपनी सक्तीची नाही. बॅटरी किंवा गॅसची टाकी यांनी जागा घेतल्यामुळे काही इलेक्ट्रिक आणि सीएनजी गाड्या अशा येतात.

अशा मालकांची मला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण त्यांच्याकडे स्टेपनी नाही आणि रन-फ्लॅटचा आधारही नाही. संचातील द्रव नक्षीतील बारीक छिद्र बुजवतो. फाटलेली साइडवॉल किंवा वाकलेली रिम यांपुढे तो निरुपयोगी आहे. त्या द्रवाच्या बाटलीवर मुदत छापलेली असते, ती आजच पाहावी. तळोदा-धडगाव रस्त्यावरील चांदसैली घाट किंवा तोरणमाळ अशा वाटांनी वारंवार जाणाऱ्यांनी जागा जाते म्हणून कुरकुर न करता स्टेपनी सोबत ठेवावी.

जाता जाता, ‘स्टेपनी’ हा शब्द वेल्समधील लनेथ्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला आहे. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये जादा चाक विकायला सुरुवात केली होती.

१३. टीपीएमएसचा दिवा लागतो, पण टायर तर भरलेला दिसतो. दुर्लक्ष करू का?

रन-फ्लॅट असेल तर अजिबात नाही. तो रिकामा असतानाही भरलेला दिसतो (प्रश्न ८). थांबून चारही टायरचा दाब गेजने मोजावा. दाब बरोबर असेल तर दोन शक्यता उरतात. एक म्हणजे व्हॉल्व्हमधील सेन्सरची बॅटरी संपली आहे, ती साधारण पाच ते दहा वर्षे टिकते. दुसरी म्हणजे तुमच्या गाडीची यंत्रणा चाकाच्या फिरण्याच्या वेगावरून दाब ओळखणारी आहे आणि टायर बदलल्यावर किंवा हवा भरल्यावर ती पुन्हा शून्यापासून जुळवलेली नाही. बंद पडलेल्या टीपीएमएसवर रन-फ्लॅट चालवणे धोक्याचे आहे.

१४. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी का?

नाही. चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवर दिलेला दाब थंड टायरचा असतो, म्हणून तो सकाळी गाडी काढण्यापूर्वी मोजावा. तापमान साडेपाच-सहा अंशांनी वाढले की दाब साधारण १ पीएसआयने वाढतो आणि टायर त्या वाढीचा विचार करूनच बनवलेला असतो. दुपारी पेट्रोल पंपावर दाब जास्त दिसला म्हणून हवा सोडली, तर दुसऱ्या दिवशी पहाटे टायर कमी हवेवर निघतो, साइडवॉल अधिक वाकते आणि अधिक तापते. उन्हाळ्यात टायर फुटण्यामागे वाढलेल्या हवेपेक्षा कमी हवा हेच कारण अधिक वेळा असते. नायट्रोजन भरला तरी हाच नियम. त्याने दाब थोडा सावकाश घटतो, मोजण्याचे काम चुकत नाही.

१५. स्वतःच छिद्र बुजवणारे टायर मिळतात, ते रन-फ्लॅटपेक्षा बरे का?

अशा टायरच्या आत नक्षीखाली चिकट थर असतो आणि साधारण ५ मिलिमीटरपर्यंतचे छिद्र तो लगेच बुजवतो. साइडवॉल साध्या टायरसारखी असल्याने गाडी आदळत नाही. बाभळीच्या काट्यांच्या आपल्या प्रदेशाला हा प्रकार तत्त्वतः अधिक मानवणारा आहे. अडचण फक्त हवे ते माप मिळण्याची आहे. साइडवॉल फाटली तर तो वाचवत नाही.

१६. खड्ड्यात आदळून साइडवॉलवर फुगा आला आहे. रन-फ्लॅट असल्यामुळे चालवत राहू का?

नाही. फुगा म्हणजे आतील धागे तुटल्याची खूण आहे आणि ज्या साइडवॉलवर रन-फ्लॅटची सारी भिस्त असते तीच तुटलेली आहे. साइडवॉल चिरली किंवा रिम वाकली, तर ‘८० किलोमीटर’ हा हिशेब लागू होत नाही. गाडी उचलून न्यावी.

१७. जुनी गाडी घेतो आहे. तिचे रन-फ्लॅट चांगले दिसतात. विश्वास ठेवावा का?

बाहेरून पाहून ठेवू नये. आधीच्या मालकाने हवा नसताना गाडी चालवली असेल, तर पुरावा फक्त आत असतो (प्रश्न ४ मधील भुगा आठवावा). सौदा पक्का करण्यापूर्वी चारही टायर उतरवून आतून पाहावेत आणि बनावटीचे वर्ष तपासावे. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करावी आणि दहा वर्षे झालेला टायर नक्षी शिल्लक असली तरी काढावा.

१८. आई-वडील चाळीसगावला दोघेच असतात. वडील गाडी चालवतात, पण आता त्यांना चाक बदलणे जमत नाही. त्यांच्यासाठी कोणते टायर?

हा प्रश्न पुण्या-मुंबईत नोकरी करणारी मुले फोनवर विचारतात आणि याचे उत्तर मी सर्वांना एकच देत नाही.

ते महिन्यातून दोनदा कन्नडच्या घाटाने संभाजीनगरला दवाखान्यात जात असतील आणि गाडी मुळात रन-फ्लॅटची असेल, तर रन-फ्लॅटच ठेवावेत. या कन्नडच्या, म्हणजे औट्रम घाटाच्या वळणांवर गाडी बाजूला घेऊन चाक बदलण्याजोगी सुरक्षित जागा सापडणे कठीण असते, हवा अचानक गेली तरी रन-फ्लॅट गाडीला सरळ ठेवतो आणि घाट उतरून किंवा चढून गावापर्यंत नेतो. या एका कामात साधा टायर त्याची बरोबरी करू शकत नाही. गाडी साध्या टायरची असेल तर साधेच ठेवून टीपीएमएस बसवून घ्यावे आणि मदत वाहनाचा क्रमांक मोठ्या अक्षरांत डॅशबोर्डवर चिकटवावा.

ते गावातच, फार तर पाचोरा-भडगावपर्यंत फिरत असतील, तर रन-फ्लॅटचा खर्च आणि ताठरपणा त्यांच्या पाठीवर लादू नये. वाटेत कुठेही पंक्चरवाला भेटतो, तो चाक बदलून देतो आणि आईच्या हातचा चहा न घेताही निघून जातो. एक काम तुम्ही मात्र करावे: सुटीत घरी याल तेव्हा स्टेपनीची हवा स्वतः मोजावी. आम्ही डिकी उघडून पाहतो तेव्हा बहुतेक गाड्यांत ती निम्मीच भरलेली असते.